इतिहासाच्या तासाला मुलांना काय आवडतं, काय नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भीमेकाठच्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. पाचवी ते दहावी, २२ वर्षं झाली. पालकसभेत, शिक्षक-खोलीत आणि मधल्या सुट्टीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं राज्य मंडळाच्या पुस्तकांना धरून आहेत आणि माझ्या वर्गांपुरती आहेत. दुसऱ्या शाळेतल्या बाई वेगळं सांगतील, तर तेही खरंच असेल.

मुलांना सगळ्यांत जास्त आवडणारा धडा कोणता?

आग्र्याहून सुटका. प्रतापगड, लाल महाल, पन्हाळा हे फार मागे नसतात, पण हात वर करायला लावले की आग्रा पुढे जातं. चौथीत शिवछत्रपतींचं पुस्तक होऊन गेलेलं असतं, त्यामुळे सातवीत ‘मुघलांशी संघर्ष’ सुरू झाला की गोष्ट माझ्याआधी वर्गच सांगायला लागतो. त्यातून संभाजीराजे तेव्हा नऊ वर्षांचे होते म्हटलं की बाकावरची मुलं सरसावून बसतात. आपल्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान मुलगा बापाबरोबर औरंगजेबाच्या दरबारात गेला होता, ही गोष्ट त्यांना आतपर्यंत जाऊन लागते.

पाचवीत अश्मयुग आवडतं. दगडाची हत्यारं शिकवल्यावर मधल्या सुट्टीत मैदानावर काय चालतं ते शिपाईमामांना विचारा. सहावीत हडप्पा, आणि त्यातही मुद्रांपेक्षा गटारं. झाकलेली गटारं साडेचार हजार वर्षांपूर्वी होती आणि आपल्या आळीत अजून नाहीत, हे एक तरी पोरगं दरवर्षी बोलून दाखवतंच. मी वरून इनामगावची जोड देते. शिरूर तालुक्यातलं हे गाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या घरांत लहान मूल गेलं की दोन रांजणांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. हे सांगितलं की वर्ग चिडीचूप होतो. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, “बाई, आईला जवळ वाटावं म्हणून असेल.” एवढं वाक्य मला कुठल्याही गाईडात मिळालेलं नाही.

म्हणजे मुलांना लढायाच आवडतात ना?

मलाही पहिली पाच-सहा वर्षं असंच वाटायचं. मग मुलं काय विचारतात ते वहीत टिपून ठेवायला लागले. ‘कोण जिंकलं’ हा प्रश्न त्यात जवळजवळ नाही. सगळे प्रश्न ‘कसं’चे आहेत. पेटाऱ्यात श्वास कसा घेतला? रोज एवढी मिठाई वाटायची तर हलवायाचे पैसे कोणी दिले? पन्हाळ्यावरून निघाले तो १२ जुलै १६६० चा दिवस, म्हणजे भर पाऊस. मग मशाली कशा पेटत होत्या? पालखी उचलणारे भोई किती वेळाने खांदा बदलत होते? सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून होता, तर गडावर इतके महिने खायला काय होतं?

ही शिदोरीची, वाटेची आणि खांद्याची चौकशी आहे. तिचं मूळ दिवाळीत असावं असं माझं मत. आमच्याकडे प्रत्येक आळीत मुलं मातीचा किल्ला करतात. बालेकिल्ला कुठे, माची कुठे, चोरवाट कुठून काढायची यावरून भांडतात, अळीव पेरतात, मावळे मांडतात. ज्या मुलाने स्वतःच्या हाताने बुरूज थापला आणि तो रात्रीत ढासळलेला पाहिला, त्याला गड चढायला अवघड म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या सोसायट्यांत तयार किल्ला विकत आणतात असं ऐकते. आणावा, पण मग सातवीतल्या बाईंना जास्त बोलावं लागणार.

पुरंदरच्या तहाचं हेच. १६६५ चा तह म्हणजे २३ किल्ले आणि त्याखालचा चार लाख होनांचा मुलूख गेला, एवढं वाचून दाखवलं तर तो धडा नावडता होतो. मी फळ्यावर ३५ किल्ल्यांची नावं लिहिते आणि सांगते, यातले २३ द्यायचेत, १२ ठेवायचेत, निवडा. अर्धा तास भांडण होतं. रायगड द्यायचा नाही यावर एकमत, कोंढाणा देताना मात्र डोळ्यांत पाणी. तह शिकवून झालेला असतो.

आवडता धडा शिकवायला सोपा जात असेल?

उलट. सगळ्यांत अवघड तोच, हे नव्या शिक्षकांना मी आवर्जून सांगते. नावडत्या धड्याला मुलं रिकामी येतात. आवडत्या धड्याला भरून येतात: सिनेमा, मालिका, मोबाइलवरचे स्टेटस, काकांचं भाषण. त्यात नवं घालायला जागाच उरत नाही.

तानाजी मालुसऱ्यांचंच घ्या. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कोंढाणा, उदयभान. मी घोरपडीबद्दल काही बोलायच्या आत वर्ग “यशवंती!” म्हणून ओरडतो. आता सभासदाच्या बखरीत, म्हणजे महाराजांच्या जुन्या चरित्रात, कोंढाण्याची हकिगत आहे, पण तिच्यात घोरपड नाही. ती येते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. आणि ‘सिंहगड’ हे नाव तानाजींच्या मृत्यूनंतर पडलं असं सगळ्यांना वाटतं, पण १६७० च्या आधीच्या कागदांतही ते सापडतं. एवढं सांगितलं की काही चेहरे पडतात. एकदा एका मुलाने घरी जाऊन सांगितलं, “बाई म्हणतात तानाजी खोटे.” दुसऱ्या दिवशी वडील शाळेत हजर. त्यांना चहा दिला आणि म्हटलं, घोरपड काढली तर काय उरतं ते बघा. काळोखी रात्र, तुटलेला कडा, हाताने चढणारी माणसं. घोरपडीशिवाय तानाजी मोठे होतात की लहान? वडील हसले. चहा गार झाला होता.

तेव्हापासून आवडत्या धड्याची सुरुवात मी एकाच प्रश्नाने करते: “हे तुला कोणी सांगितलं?” पेटाऱ्याच्या बाबतीतही महाराज पेटाऱ्यात बसून गेले की पेटारे वाहणाऱ्यांबरोबर वेश पालटून बाहेर पडले, यावर अभ्यासकांत वाद आहे, हे सांगून टाकते. गोष्टीतली गंमत कमी होत नाही. आता दोन सुटका झाल्या, वर्ग दोन पक्षांत वाटला जातो.

मग माझ्या मुलाला आवडत्या धड्यातच मार्क कमी का पडतात?

याच कारणाने. ‘आपल्याला येतंय’ म्हणून तो पुस्तक उघडत नाही. ‘सकारण स्पष्ट करा’ला कारण लागतं आणि तो प्रसंग लिहून येतो, दोन पानं. एका उत्तरपत्रिकेत तर सिनेमातला संवाद अवतरणचिन्हांसकट होता. हस्ताक्षर सुरेख. मार्क द्यायला काही सापडेना.

सगळ्यांत नावडतं काय?

तीन गोष्टी, आणि त्यातली पहिली ऐकून पालकांना आश्चर्य वाटतं.

पहिली म्हणजे ‘इतिहासाची साधने’. सहावीत आहे, सातवीत आहे, आठवीत आहे, नववीत आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. पुढच्या इयत्तांत त्यात दृक्‌-श्राव्य साधनांची भर. जूनमध्ये शाळा उघडते, नव्या पुस्तकाचा वास ताजा असतो, आणि मुलं एका सुरात म्हणतात, “बाई, परत साधनं?” पुस्तक करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे: आधी कशावरून कळलं ते सांगा, मग काय घडलं ते सांगा. पण दोन महिन्यांच्या सुट्टीनंतर मुलाला आधी जेवायला हवं असतं, आपण त्याच्या हातात भांड्यांची यादी देतो.

मी हा धडा जूनमध्ये पुस्तकातून शिकवत नाही. मुलांना घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगते. भोकाचा पैसा येतो, शेर-मापटं येतं, पितळी अडकित्ता येतो, जुनी शिधापत्रिका येते. एका मुलीने काहीच आणलं नाही. उभी राहून आजीची जात्यावरची ओवी म्हणाली. मौखिक साधन म्हणजे काय ते मला फळ्यावर लिहावं लागलं नाही. पुस्तकातला धडा ऑगस्टमध्ये उरकते, वीस मिनिटांत.

दुसरी नावड आठवीतल्या कायद्यांची आणि योजनांची. १९०९ चा मोर्ले-मिंटो, १९१९ चा माँटेग्यू-चेम्सफर्ड, १९३५ चा कायदा, मग क्रिप्स, वेव्हेल, त्रिमंत्री, माउंटबॅटन. साहेबांच्या नावांची माळ. कोणी काय दिलं आणि कोणी काय नाकारलं हे मुलांच्या डोक्यात एकमेकांत मिसळून जातं, आणि मला त्यांचा राग येत नाही.

तिसरी, नववीचं जवळजवळ सगळं पुस्तक. त्याबद्दल शेवटी बोलते.

या नावडत्या धड्यांचं करायचं काय?

सगळ्या धड्यांवर प्रेम बसलंच पाहिजे असा हट्ट मी सोडून दिला आहे. पंधरा मिनिटं, एक तक्ता, पुढे चला. पण जिथे एखादी खिडकी सापडते तिथे थांबते.

१९१९ च्या कायद्याला मताचा अधिकार मूठभरांना होता. जमीन, सारा, कर यांच्या अटी होत्या. वर्गाला विचारते, तुमच्यापैकी किती जणांच्या पणजोबांना मत देता आलं असतं? हात मोजकेच वर येतात, तेही बागायती घरांतले. पणजीचं विचारल्यावर तेवढेही खाली येतात. मग १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काय बदललं हे त्यांचं त्यांनाच कळतं.

तैनाती फौज, म्हणजे राजाच्या खर्चाने त्याच्याच राज्यात ठेवलेली इंग्रजांची फौज, शिकवायला पैलवान वापरते. गावातला एक पैलवान म्हणतो, तुमच्या घराची राखण मी करतो. माझा खुराक तुमच्याकडे, राहायची सोय तुमच्याकडे, आणि मला विचारल्याशिवाय शेजाऱ्याशी बोलायचं नाही. वर्ग हसतो. “बाई, म्हणजे घर त्याचंच झालं की!” वेलस्लीची १७९८ ची योजना यापेक्षा फार वेगळी नव्हती.

आणि एक गंमत. हेच कायदे, ह्याच योजना माझे जुने विद्यार्थी पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत बसून पुन्हा पाठ करतात. राज्यसेवेच्या तयारीला राज्य मंडळाची पाचवी ते बारावीची पुस्तकं लागतात. शाळेत असताना ज्याने आठवीच्या पुस्तकातलं सविनय कायदेभंगाचं पान फाडून विमान केलं होतं, तो परवा फोनवर विचारत होता, “बाई, आठवीचं जुनं पुस्तक आहे का हो तुमच्याकडे?”

दहावीचा पहिला धडा मुलांना इतका परका का वाटतो?

कारण तो परकाच आहे. ‘इतिहासलेखन: पाश्चात्त्य परंपरा’. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको. नववीपर्यंत मुलं इतिहास वाचत होती, इथे अचानक इतिहास कसा लिहितात हे वाचायचं. एकेकाच्या वाट्याला एकेक परिच्छेद. मुलं त्याचं ‘चुकीची जोडी ओळखा’पुरतं पाठांतर करतात: ‘आर्केऑलॉजी ऑफ नॉलेज’ म्हणजे मायकेल फुको, झालं. पेपर ४० मार्कांचा, दोन तासांचा. त्यात तेवढं पुरतंही.

पण माझ्या मते राज्य मंडळाच्या सगळ्या पुस्तकांत हा सर्वांत कामाचा धडा आहे. फक्त दार चुकीच्या बाजूला आहे. आमच्या गावात तो आजोबांच्या जन्मतारखेपासून उघडतो.

आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला घरून बघून या, असं सांगते. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या आजोबांचा जन्म १ जूनचा निघतो. वर्गात हशा. मग एकेक बोलायला लागतो. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा तारीख कोणाला ठाऊक नव्हती, मास्तरांनी शाळा उघडते त्या हिशेबाने १ जून टाकून दिली. घरी पणजी सांगायची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला, गोठ्यात गाय व्याली होती. आता खरं काय? शिक्का मारलेला दाखला की पणजीची आठवण? दाखला कोणी लिहिला, कधी लिहिला, त्याला काय माहीत होतं? मूळ कागद शोधा आणि तो तपासा, असा रांकेचा आग्रह होता म्हणून सांगितलं, की तो जर्मन माणूस एकदम पलीकडच्या गल्लीतला वाटू लागतो.

तिथून शिवजयंतीवर जाते. पूर्वी महाराजांचा जन्म १६२७ चा मानत. मग कारीच्या जेधे घराण्याकडची शकावली, म्हणजे वर्षवार घटनांच्या नोंदी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली, १९१६ मध्ये ती छापली गेली, आणि तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद निघाली. पुढे राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आजही गावात शिवजयंती तारखेने एकदा आणि तिथीने एकदा होते, दोन्ही वेळा डीजे लागतो. का, हे मुलांना आता सांगता येतं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० मध्ये ते काढणारे राजवाडे, गावोगावी दप्तरं धुंडाळत फिरणारा हा माणूस, हे सगळं मग दुसऱ्या धड्यात आपोआप बसतं.

दहावीचे पुढचे धडे आवडतात. ‘खेळ आणि इतिहास’ला ध्यानचंदांवर तास संपतो. लाकडी बाहुलीला ठकी म्हणतात, हे मुलींना आजीकडून आधीच माहीत असतं.

सनावळ्या पाठ करायलाच हव्यात का?

थोड्या. प्रत्येक इयत्तेला दहा-बारा खुंट्या पक्क्या हव्यात, बाकीचं त्यांना अडकवता येतं. आमच्या भागात ७२ चा दुष्काळ आणि ९३ चा किल्लारीचा भूकंप या दोन खुंट्या घरातूनच मिळतात. “दुष्काळाच्या आधी का नंतर?” असं विचारलं तर आजी अचूक सांगते. तीही कालगणनाच.

अष्टप्रधान मंडळ पाठच होत नाही. काही युक्ती?

हजेरीपट उघडा. आमच्या शाळेत फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, देशमुख, कुलकर्णी अशी आडनावं वेगवेगळ्या वर्गांत सापडली. प्रत्येकाचं काम काय ते शोधायला लावलं. मग महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी पदांना नवी संस्कृत नावं दिली, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती झाला, हे सांगितलं. आठ नावं अजूनही पाठ करावीच लागतात. पण निदान कोणती माणसं काय करत होती ते कळून.

पराभवाचे धडे मुलांना नको वाटतात का?

मोठ्यांना नको वाटतात. पानिपतच्या तासाला माझ्या वर्गात जितकी शांतता असते तितकी राज्याभिषेकाच्या तासालाही नसते. १४ जानेवारी १७६१. लढाईचं वर्णन मी थोडक्यात करते. खरा धडा तिच्याआधीचा: फौजेबरोबर गेलेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, तुटलेली रसद. लढणारे किती आणि खाणारे किती, असा हिशेब मुलं स्वतः मांडायला लागतात. भूक आमच्याकडे कोणाला समजावून द्यावी लागत नाही.

शेवटी पराभवाची बातमी आडून सांगणारी सावकारी चिठ्ठी. दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याला गणती नाही. मोत्यं कोण, मोहरा कोण, हे मुलं सांगतात. खुर्दा कोण, असं विचारलं की थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग मागून कोणीतरी म्हणतं, “बाई, आपण.”

पेशवाईतलं आणखी एक आवडीचं म्हणजे ‘ध’ चा ‘मा’. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, नारायणराव. त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती हा वेगळा विषय, पण एक अक्षर बदललं तर काय होतं हे शुद्धलेखनाच्या बाईंनाही उपयोगी पडतं.

स्वातंत्र्यलढ्यातलं काय लक्षात राहतं?

जे जवळचं ते. आमच्याकडे सोलापूर. १९३० च्या मे महिन्यात तिथे मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिलं. सहलीला गेलेल्या मुलांनी हुतात्म्यांचे पुतळे चौकात पाहिलेले असतात. सातारा-सांगलीकडे माझ्या ओळखीच्या शिक्षिका सांगतात की तिकडे प्रतिसरकार आणि नाना पाटील म्हटलं की पुस्तक मिटून ठेवावं लागतं, घराघरांत गोष्टी आहेत. नंदुरबारचा शिरीषकुमार मात्र कुठल्याही जिल्ह्यात चालतो, कारण तो शाळकरी पोर होता.

मराठवाड्यातून बदलून आलेला एक मुलगा १५ ऑगस्टच्या भाषणात म्हणाला होता, “आम्ही तेव्हा स्वतंत्र नव्हतो, आमचा दिवस १७ सप्टेंबर.” १९४८ चा, निजामाची राजवट संपली तो. बरोबर होतं त्याचं. गोव्याचा १९ डिसेंबर १९६१ चा. एकाच पुस्तकातलं एकच स्वातंत्र्य वेगवेगळ्या गावी वेगवेगळ्या दिवशी पोचलं, हे मुलांना फार आवडतं. नकाशावर तारखा लिहायला लावा.

क्रांतिकारकांचा धडा आवडतो हे सांगायला नको. पण महाडचा २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवताना मी घाई करत नाही. बंदूक नाही, घोडा नाही, ओंजळीत पाणी घेणं एवढंच. वर्गात कोणाकोणाच्या घरी अजूनही माठ वेगळा आहे ते त्या तासाला कळतं, न विचारता.

मुलींची आवड वेगळी असते का?

आवड तीच, प्रश्न वेगळे. “तेव्हा बायका काय करत होत्या?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक धड्याला येतो आणि पुस्तकात उत्तर दोन ओळींत असतं. राजाराम महाराज १७०० मध्ये वारले आणि पुढची सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाशी झुंज दिली, यावर मी मुद्दाम दोन तास घेते. दहावीत ताराबाई शिंदे येतात. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिणारी बाई विदर्भातल्या बुलढाण्याची होती, हे कळल्यावर एका मुलीने वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावापुढे गावाचं नाव लिहिलं.

सीबीएसईत महाराजांचा इतिहास कमी असतो म्हणतात, मुलाला कुठे घालू?

एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकांत मराठ्यांना थोडी पानं होती. २०२५ मध्ये आलेल्या नव्या आठवीच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. उलट तिकडे नववीच्या जुन्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती आणि हिटलर होते, ते आमच्या मुलांना हवे असतात. शाळा जवळ कोणती आणि तिथे बाई कोण, यावर ठरवा.

बाई, तुम्हाला स्वतःला कोणता धडा आवडायचा नाही?

पंचवार्षिक योजना. विद्यार्थिनी असतानाही नाही, शिक्षिका झाल्यावरही नाही. पहिली १९५१ ते ५६, भर शेतीवर. दुसरी १९५६ ते ६१, भर उद्योगावर. उद्दिष्टे, तरतूद, यशापयश. नववीच्या ‘आर्थिक विकास’ला मी कित्येक वर्षं तक्ता लिहून पाठ फिरवून उभी राहायचे.

एका मे महिन्यात उजनी धरणाचं पाणी फार खाली गेलं. पाणी असं उतरलं की जुन्या पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, लोक होडीने, कधी चालत बघायला जातात. मीही गेले. तिथे माझ्या वर्गातला एक मुलगा आजीबरोबर आला होता. आजी देवळाकडे बघतच नव्हती. ती चिखलातल्या जोत्यांच्या ओळीतून चालत होती आणि नातवाला दाखवत होती, हे सुताराचं, ही चावडी, इथं आमचा उंबरा.

जूनमध्ये नववीला मी ‘आर्थिक विकास’ धरणापासून सुरू केला. पाणी कोणाच्या उसाला गेलं, वीज कुठे गेली, गावं कुठे गेली. निम्म्या वर्गाचे मळे त्या पाण्यावर पिकलेले आणि उरलेल्यांतल्या काहींची घरं त्याच पाण्याखाली. दोन्ही बाजू एकाच बाकावर बसलेल्या. त्या वर्षीच्या सहामाहीत ‘योजनांची उद्दिष्टे लिहा’ असा प्रश्न होता. त्या मुलाने पाच उद्दिष्टं पुस्तकाबरहुकूम लिहिली, आणि खाली एक ओळ सोडून लिहिलं, ‘आमची आठ एकर.’

प्रश्नात ते विचारलेलं नव्हतं. मी लाल पेन थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि पुढचा पेपर घेतला.